चार आवरणं एकमेकांत कशी गुंतलेली असतात, आणि एक बिघडलं तर बाकीची सांभाळून घेतात का?

प्रश्न असा आहे की शाळेत शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण असे चार धडे वेगवेगळे शिकवतात आणि शेवटी "ही आवरणे परस्परांवर अवलंबून आहेत" अशी एक ओळ टाकून मोकळे होतात, तर ते अवलंबून असणं म्हणजे नेमकं काय, चारातलं मुख्य कोणतं, आणि एकात बिघाड झाला तर बाकीची तीन सांभाळून घेतात का. मी बरीच वर्षं माती आणि पाण्याच्या कामात आहे म्हणून मातीपासूनच सुरू करतो. हवामानवाला असता तर त्याने ढगापासून सुरू केलं असतं, तेही चुकीचं नसतं.

मातीचा अभ्यास म्हणजे आधी खड्डा. छातीइतका खोल खणायचा, एक बाजू उभी तासून साफ करायची आणि मग सुरीच्या टोकाने वरून खाली टोकरत यायचं. वरचा वीतभर थर काळपट, भुसभुशीत, मुळ्यांनी विणलेला. खाली जाल तसा रंग उतरतो, माती घट्ट होते, आणि जिथे वर्षातले काही महिने पाणी तुंबून राहतं तिथे एका ठरावीक खोलीवर माती एकदम राखाडी दिसायला लागते, कधी निळसर झाक असलेली, आणि त्या राखाडीत मधेच गंजाच्या रंगाच्या रेघा आणि ठिपके. एक ढेकूळ काढून हातात फोडलं की दिसतं की त्या रेघा उगाच कुठेही नाहीयेत, बहुतेक रेघा एखाद्या बारीक नळीच्या कडेकडेने जातात, आणि ती नळी म्हणजे कधीकाळी तिथे असलेलं मूळ, आता कुजून गेलेलं.

हे होतं कसं ते सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या ढेकळात आहे. मातीतल्या पोकळ्यांत हवा असते तोवर जिवाणू ऑक्सिजन वापरून कुजकं खातात, आपल्यासारखंच. पाणी भरलं की पंचाईत होते, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने साधारण दहा हजार पट हळू सरकतो, म्हणजे आत होता तेवढा संपला की नवीन येईपर्यंत वाट बघायची. जिवाणू वाट बघत नाहीत. ते ऑक्सिजनऐवजी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, आणि लोहाचा नंबर आला की मातीला लाल-तांबूस करणारं गंजलेलं लोह विरघळणाऱ्या रूपात जातं आणि पाण्याबरोबर सरकतं. रंग देणारंच निघून गेलं म्हणून उरलेली माती राखाडी. आणि जिथे जुन्या मुळाच्या नळीतून थोडी हवा आत शिरली तिथे तेच लोह परत गंजून बसलं. म्हणजे त्या एका ढेकळात कण खडकाचे, पोकळीत पाणी, नळीतून आलेली हवा, नळी केली झाडाने आणि रंग बदलला जिवाणूंनी, आता यातलं शिलावरण कुठे संपलं आणि जीवावरण कुठे सुरू झालं ते दाखवा. आम्ही तर भर उन्हाळ्यात, खड्डा कोरडा ठणठणीत असतानासुद्धा, या रंगावरून सांगतो की पावसाळ्यात पाणी इथपर्यंत चढतं. लोकांच्या आठवणीपेक्षा मला हा रंग जास्त भरवशाचा वाटतो.

पाणी आणखी काळ तुंबून राहिलं तर जिवाणू पुढच्या पायऱ्या उतरतात, आधी सल्फेट (सडक्या अंड्याचा वास येतो तो इथूनच) आणि अगदी शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. जगातल्या दलदली हा मिथेनचा सगळ्यात मोठा नैसर्गिक स्रोत आहे आणि मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट जोरदार उष्णता धरतो. म्हणजे जमिनीचा उतार सपाट, म्हणून पाणी थांबलं, म्हणून हवा संपली, म्हणून वेगळे सूक्ष्मजीव वाढले, म्हणून वातावरण थोडं जास्त तापलं. शाळेच्या पुस्तकातली ती एक ओळ म्हणजे अशी साखळी असते, आणि ती एका दिशेने जाऊन थांबत नाही, तापलं की पाऊस बदलतो, पाऊस बदलला की दलदलच बदलते.

खड्ड्यावर आमच्याकडे अजून एक गोष्ट असते ती म्हणजे पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची छोटी बाटली. थेंब टाकला आणि फसफसलं तर मातीत चुना आहे. हा चुना किती खोलीवर सापडतो ते बघायचं, कारण पाऊस कमी असेल तर तो वरच्या वरच बसतो, पाऊस वाढत जाईल तसा खाली खाली जातो आणि भरपूर पावसाच्या ठिकाणी सगळा धुऊनच जातो, ॲसिड टाका नाहीतर पाणी टाका, माती गप्प. तळाचा खडकच चुनखडक असेल तर गोष्ट वेगळी. पण एकूण शेकडो-हजारो वर्षांचा पाऊस त्या फसफसण्याच्या खोलीवरून वाचता येतो.

आता खडक माती होतोच कसा, यात जीवाचा हात किती असतो ते लोकांच्या लक्षात येत नाही. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं हे पुस्तकात असतं. पण खरी आम्लता पाणी जमिनीत शिरल्यावर वाढते, कारण मुळं आणि सूक्ष्मजीव सतत श्वास सोडत असतात आणि मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा दहा ते शंभर पट असतो. वर मुळं आणि बुरशी स्वतःची सेंद्रिय आम्लं सोडतात ती वेगळीच. म्हणजे नागडा खडक पावसात झिजतो त्यापेक्षा झाडाखालचा खडक बराच लवकर झिजतो. झाड खडकावर नुसतं उभं नसतं, ते त्याला खात असतं म्हणा ना.

आणि झाड स्वतः कशाचं बनतं? सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या माणसाने 200 पौंड वाळवलेली माती कुंडीत भरली, 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं आणि माती परत वाळवून तोलली तर फक्त दोनेक औंस कमी भरली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. प्रयोग झकास, निष्कर्ष अर्धा, कारण हवेकडे त्याने बघितलंच नाही. लाकडातला कार्बन सगळाच्या सगळा हवेतून आलेला असतो. मातीतून आलेलं ते दोन औंस, पण त्या दोन औंसांत फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह आणि ते नसेल तर उरलेले दीडशे पौंड उभेच राहणार नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, मुख्य कोण या प्रश्नाला परत लागणार आहे.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. अॅमेझॉन जगाची फुफ्फुसं आहेत, जगाचा 20 टक्के ऑक्सिजन तिथून येतो वगैरे सगळीकडे फिरत असतं. जंगल ऑक्सिजन सोडतं हे खरं पण तेवढाच जवळपास सगळा तिथलीच झाडं, प्राणी, बुरशी आणि कुजणारा पाला परत वापरून टाकतात, हिशेब शून्याच्या आसपास येतो. मग हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे तो कुठून आला? तो साठला कारण कोट्यवधी वर्षांत जे जीव मेले त्यातला अगदी थोडा भाग कुजायच्या आत गाळाखाली गाडला गेला. जे कुजलं नाही त्याने ऑक्सिजन परत मागितला नाही, तेवढा हवेत उरला. साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरियांनी (झाडांसारखंच उन्हावर अन्न करणारे जिवाणू) सोडलेला ऑक्सिजन हवेत टिकायला लागला, त्याआधी बराचसा समुद्रात विरघळलेल्या लोहात खपत होता, आणि त्या काळात समुद्रतळाशी साचलेले लोहाचे पट्टेदार थर आज आपण खाणीतून काढून पोलाद करतो. म्हणजे श्वासातला ऑक्सिजन हे जीवावरणाचं काम, पण तो टिकला तो गाळ आणि खडकामुळे. आज पृथ्वीवरची सगळी झाडं जाळली तरी ऑक्सिजनचा साठा एक टक्कासुद्धा कमी होणार नाही. जंगल वाचवायची कारणं दुसरी आहेत आणि ती जास्त भक्कम आहेत.

त्यातलं एक म्हणजे पाणी. हवेत असलेलं सगळं बाष्प एकदम खाली पाडलं तर पृथ्वीभर जेमतेम 25 मिलिमीटर पाणी होईल. आणि पृथ्वीचा सरासरी पाऊस वर्षाला सुमारे 1000 मिलिमीटर आहे. म्हणजे हवा वर्षातून चाळीस वेळा रिकामी होते आणि चाळीस वेळा भरते, बाष्पाचा एक रेणू सरासरी नऊ-दहा दिवसच वर राहतो. मग जमिनीच्या आत, समुद्रापासून हजार-दोन हजार किलोमीटरवर पाऊस पडतो तो कशाच्या जोरावर? ब्राझीलच्या एनेआस सालाती यांनी 1970 च्या दशकात अॅमेझॉनच्या पावसातल्या ऑक्सिजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे जड-हलके प्रकार) तपासले. ढग आत आत सरकत पाऊस पाडत जातो तसं जड ऑक्सिजनवालं पाणी आधी गळून जातं, तेव्हा पश्चिमेकडे पोचेपर्यंत पाऊस खूप "हलका" व्हायला हवा. पण तो जेवढा अपेक्षित तेवढा हलका होत नव्हता, कारण झाडं पडलेलं पाणी मुळांनी ओढून पानांतून परत हवेत सोडत होती, जड-हलकं न निवडता, जसंच्या तसं. तिथल्या पावसाचा जवळपास अर्धा भाग असा पुन्हा वापरलेला निघाला. म्हणजे तिथे नदी जमिनीवरून वाहते आणि दुसरी एक हवेतून वाहते, आणि दुसरीला ढकलत नेणारी झाडं.

पडलेल्या थेंबाचं पुढे काय होतं हेही जीवच ठरवतात. एक साधी टेस्ट आहे, कुठेही करून बघता येते. दोन वाळलेली ढेकळं घ्या, एक गवताच्या मुळाशी वर्षानुवर्षं न हललेल्या जमिनीतलं आणि एक दरवर्षी नांगरून उघड्या पडलेल्या जमिनीतलं, आणि दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. पहिलं बहुतेक वेळा तसंच बसून राहतं, पाणीही फारसं गढूळ होत नाही. दुसरं काही मिनिटांत ढासळून चिखल होतं. दोन्हीतले खनिज कण एकाच खडकातून आलेले असले तरी हा फरक पडतो, कारण पहिल्याला बुरशीचे धागे आणि मुळांनी सोडलेला चिकट पदार्थ धरून ठेवतो. शेतावर हे दुसरं प्रकरण झालं की पहिल्याच जोरदार सरीत बारीक कण सुटतात, पोकळ्यांची तोंडं बुजवतात, वर पापडी धरते आणि पाणी मुरायच्या ऐवजी वाहतं. मग खाली नदीला पूर, पुराबरोबर माती, चार महिन्यांनी त्याच नदीत पाणी नाही, कारण मुरलंच नव्हतं तर झिरपून येणार काय. पूर कशामुळे आला विचारलं की सगळे आभाळाकडे बोट दाखवतात, निम्मं उत्तर बोटभर खाली जमिनीत असतं.

सगळं शून्यापासून कसं जुळतं ते बघायचं असेल तर सुर्त्सेचं उदाहरण घ्या, मला फार आवडतं. आइसलँडच्या दक्षिणेला 14 नोव्हेंबर 1963 ला समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी फुटून वर आला आणि बेट तयार झालं, उद्रेक 1967 पर्यंत चालू होता. शेजारी आणखी दोन छोटी बेटं वर आली होती, ती सुट्या राखेची होती, लाटांनी काही महिन्यांत धुऊन नेली. सुर्त्से टिकलं कारण एक तर वर लाव्हा पसरला आणि दुसरं म्हणजे आत शिरलेल्या गरम पाण्याने सुटी राख मुरवून घट्ट खडक करून टाकला. म्हणजे पाण्यानेच मोडायचं आणि पाण्यानेच घट्ट करायचं. 1965 मध्येच, उद्रेक चालू असताना, समुद्राने वाहून आणलेल्या बियांतून पहिलं फुलझाड किनाऱ्यावर उगवलं. मग शेवाळी, दगडफुलं आली. पण वीसेक वर्षं गाडी तशी रखडतच होती, कारण राखेत नायट्रोजन जवळपास नाहीच. 1980 च्या दशकात सीगल पक्ष्यांनी वसाहत केली आणि त्यांच्या विष्ठेतून समुद्रातल्या माशांचा नायट्रोजन बेटावर यायला लागला, की त्या वसाहतीपुरतं एकदम दाट हिरवं गवत, मागोमाग किडे, गांडुळं. बाकीचं बेट अजून बरंचसं उजाडच. पहिल्यापासून तिथे शास्त्रज्ञ सोडून लोकांना जाऊ दिलं नाही म्हणून हे सगळं नीट नोंदवलं गेलंय. आणि एवढं सगळं होत असताना समुद्र कडा खातोच आहे, मूळचं जवळपास 2.7 चौरस किलोमीटरचं बेट आता निम्म्यावर आलंय.

आता दुसरा प्रश्न, मुख्य कोण. माझ्या मते प्रश्नच असा विचारू नये. विचारायचं असं की इथे, या जागी, कमी काय आहे? जे कमी तेच त्या जागेपुरतं मुख्य. वाळवंटात पाणी. सुर्त्सेवर नायट्रोजन. अॅमेझॉनमध्ये पाणी भरपूर, ऊन भरपूर, पण माती लाखो वर्षं धुऊन धुऊन निकस झालेली, तिथे फॉस्फरस कमी, आणि तो काही प्रमाणात येतो सहाराच्या धुळीतून, अटलांटिक ओलांडून. उपग्रहाच्या मोजणीवरून 2015 मध्ये नासाच्या संशोधकांनी अंदाज दिला की वर्षाला सुमारे 22 हजार टन फॉस्फरस असा धुळीतून अॅमेझॉनवर पडतो आणि पावसापाण्याने वाहून जाणारा फॉस्फरसही साधारण तेवढाच आहे. त्यातली काही धूळ चाडमधल्या एका प्रचंड आटलेल्या तळ्याच्या तळाची आहे, त्यात डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचे सांगाडे आहेत. म्हणजे एका खंडातलं मेलेलं तळं वाऱ्यावर बसून दुसऱ्या खंडातल्या जंगलाला खत घालतंय. हवाईच्या सगळ्यात जुन्या बेटांवरही हेच, तिथल्या लाव्हातला फॉस्फरस कधीच संपलाय आणि झाडं आशियातून आलेल्या धुळीवर तगून आहेत. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट, फॉस्फेट मुबलक आहे पण लोह नाही, तिथे लोहाची चिमूट ठरवते की प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) किती वाढणार. नुसतं "सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे" म्हणून काही हाती लागत नाही. कमतरता कशाची ते सापडलं की बाकीचे धागे आपोआप दिसायला लागतात.

तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, सांभाळून घेतात का. घेतात. पण आपल्या सोयीच्या वेळात घेतात का हे बघायला लागतं, आणि इथे बहुतेक लोकांचा गोंधळ होतो कारण चारही आवरणांचे वेग इतके वेगळे आहेत की एकाच वाक्यात बोलणंच अवघड. बाष्प दहा दिवसांत फिरतं. पान वर्षाच्या आत पडून कुजतं. मातीतला काही कार्बन शेकडो वर्षं तसाच राहतो. समुद्राचं पाणी एकदा सगळं ढवळून निघायला हजारेक वर्षं लागतात. एक सेंटिमीटर माती तयार व्हायला कित्येक शतकं. खडकाचं चक्र लाखो-कोटी वर्षं.

15 जून 1991 ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेच्या वरच्या थरात फेकला, त्याचे सूक्ष्म थेंब जगभर पसरले आणि 1992 मध्ये पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. दोन-तीन वर्षांत ते थेंब खाली बसले, विषय संपला. हा धक्का जलद होता आणि सावरणंही जलद, कारण सगळा मामला हवेपुरता होता.

याच्या उलट कार्बनचं. पृथ्वीला स्वतःचा तोल धरायची एक पद्धत आहे आणि ती खरंच सुंदर आहे. तापमान वाढलं की पाऊस वाढतो, खडक जास्त झिजतो, झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून बायकार्बोनेट म्हणून नदीतून समुद्रात पाठवतो, तिथे शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्मजीव त्याचं कवच करतात, ते मरून तळाशी बसतात, चुनखडक होतो. हवा थंड होते. थंड झाली की झीज मंदावते आणि ज्वालामुखी गॅस सोडत राहतात, परत तापतं. सूर्य गेल्या चारेक अब्ज वर्षांत बराच प्रखर झाला तरी पृथ्वीवर पाणी बहुतेक काळ द्रवरूपात राहिलं त्याचं श्रेय बऱ्यापैकी या चक्राला देतात. फक्त ते चालतं लाखो वर्षांच्या हिशेबाने. 5.6 कोटी वर्षांपूर्वी एकदा हवेत भरमसाट कार्बन गेला होता, पृथ्वी पाचेक अंशांनी तापली, आणि पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षं लागली. सावरली, नाही असं नाही.

आपण आज काय करतोय तर खडकातला, गाडला गेलेला कार्बन काढून हवेत सोडतोय, ज्वालामुखी वर्षभरात सोडतात त्याच्या साधारण शंभर पट. मोरी बारीक आणि वर नळ पूर्ण उघडा, असा प्रकार आहे. 1958 पासून हवाईच्या मौना लोआवर रोज मोजणी चालू आहे, तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. त्या आलेखात दरवर्षी एक करवतीचा दात दिसतो, उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटली की रेघ खाली, पानं झडून कुजली की वर, म्हणजे अख्ख्या गोलार्धाची झाडं हवा खाली खेचताना दिसतात. पण दात उतरतो तो परत चढतोच, आणि प्रत्येक दात आधीच्याहून थोडा वर.

तरी सोडलेल्यातला निम्माच हवेत राहतो. उरलेला समुद्र आणि जमिनीवरची झाडं-माती उचलतात, जवळजवळ अर्धा-अर्धा. याला सांभाळून घेणं म्हणायचं तर म्हणा, पण फुकट नाही. समुद्राने गॅस घेतला तसा त्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल) 8.2 वरून 8.1 पर्यंत आला, आकडा किरकोळ वाटतो पण ते लॉगचं माप आहे, एक अंक उतरला की दहा पट फरक, हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून जास्त वाढले, आणि त्यामुळे ज्यांनी चुनखडक करायचा त्याच कवचवाल्यांना कवच करणं अवघड जातंय. म्हणजे जलद बाजूने मदत करताना हळू बाजूचं मशीनच थोडं अडतंय.

लहान प्रमाणात, माणसाच्या आयुष्यात मावेल असं हे सगळं पाहायचं तर मध्य आशियातला अरल समुद्र. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या त्यात येत होत्या, 1960 पासून त्यांचं पाणी कापसासाठी कालव्यांनी वळवलं. तेव्हा ते जगातलं चौथं मोठं सरोवर होतं, 68 हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पाणी आटलं तसा खारेपणा वाढला, मासे गेले. तळ उघडा पडला, त्यावरचं मीठ आणि शेतातून वाहून आलेली कीटकनाशकं धुळीच्या वादळातून त्याच शेतांवर आणि माणसांच्या छातीत गेली. एवढं पाणी हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देत होतं, ते गेल्यावर उन्हाळे कडक, हिवाळे कडक आणि दोन कडाक्यांमधला बिनथंडीचा काळ लहान झाला, म्हणजे ज्या कापसासाठी हे केलं त्याचाच हंगाम आखडला. आणि शेतात काय, तर इतकं पाणी दिल्यावर खालची पाणीपातळी वर आली, केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागावर चढून उडून जायला लागलं आणि मीठ मागे राहिलं. ते मीठ धुवायला आणखी पाणी, ते पाणी त्याच नद्यांचं. 1980 च्या दशकाच्या शेवटी सरोवराचे दोन तुकडे झाले.

उत्तरेच्या छोट्या तुकड्यात 2005 मध्ये कोक-अरल नावाचा बांध पुरा झाला, सिर दर्याचं पाणी दक्षिणेला निसटायचं थांबलं. पातळी वर्षभरातच तीनेक मीटर चढली, खारेपणा उतरला आणि गोड्या पाण्यातले मासे परत आले, मासेमारी परत सुरू झाली. पाणी आणि मासे ही जलद मंडळी, त्यांना संधी दिली की येतात. दक्षिणेला तेवढं पाणी कुणाकडे नव्हतं, तिथलं पूर्वेकडचं पात्र 2014 मध्ये पूर्ण कोरडं पडलं, आणि त्या खाऱ्या तळावर आता साक्सौलची झुडपं लावतायत, पाण्यासाठी नाही, निदान धूळ तरी जागेवर बसावी म्हणून.